गड्ड्यातल्या तीन डीव्हीडी

ही हकिकत मी बरीच वर्षं टाळली. आजारपणाबद्दल मी कमी बोललो असं नाही. ज्येष्ठ नागरिक संघात बोललो, लग्नाच्या पंगतीत बोललो, लकवा झालेल्या माणसांच्या उशाशी बसून बोललो. पण दर वेळी एक माणूस आणि तीन डीव्हीडी गाळून बोललो. लोक म्हणायचे, "मास्तर, काय जिद्द तुमची!" मी मान खाली घालायचो आणि ते त्याला विनय समजायचे.

ज्यांच्या घरात आज कुणाची एक बाजू गेली आहे, त्यांना या लिखाणाचा उपयोग व्हावा. आणि खरं काय घडलं ते माझ्या हयातीत, माझ्याच अक्षरात कागदावर यावं.

शिट्टी

माझं आयुष्य शाळेत पी.टी.चा मास्तर म्हणून गेलं. निवृत्त झालो तरी गळ्यातली शिट्टी सुटली नाही. जुळे सोलापुरातल्या घरून स्कूटर काढायची, शाळेच्या मैदानावर जायचं आणि नव्या मास्तरांना न विचारता मुलांची कवायत घ्यायची, हा सकाळचा उद्योग. पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोर 'सावधान'चा हुकूम मीच द्यायचा. तो मान शाळेने निवृत्तीनंतरही माझ्याकडे ठेवला होता.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती भरली होती. मी शिट्टी ओठांत धरली आणि फुंकली. वाजली नाही. हवा तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून फस्सकन निघून गेली. पुढच्या रांगेतली पोरं हसली. त्यांना वाटलं, सर गंमत करताहेत. पुन्हा फुंकली, पुन्हा फस्स. मग ओरडून 'सावधान' म्हणालो, तर तोंडातून काहीतरी जाड, ओलं बाहेर पडलं. उजवा पाय जागेवर होता. डावा त्याच्याजवळ आलाच नाही. मी त्याच्याकडे बघत राहिलो, दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तसा.

मी मातीत बसलो तेव्हा पोरांचं हसू थांबलं. एवढ्या पोरांची ती शांतता मी कधी शिट्टीनेही मिळवली नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूत गुठळी आहे, डाव्या बाजूला पॅरालिसिस झालाय, वेळेत आणलंत हे बरं. माझ्या मुलाने, सिद्धूने, विचारलं, "चालतील ना?" डॉक्टर म्हणाले, "वाचलेत, ते आधी बघा. पुढचं त्यांच्या व्यायामावर." सिद्धूच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. व्यायाम म्हणजे बाबांचा प्रांत.

मला मात्र भीती वाटली. कारण व्यायाम मला करवून घ्यायला येत होता. करायचं मी केव्हाच सोडलं होतं.

हुकूम ऐकणारा

दवाखान्यातला दिवस हुकमांचा असतो. आजोबा, कूस बदला. आजोबा, तोंड उघडा. आजोबा, हात वर करा. हा नव्हे, तो. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांना हात वर करायला लावले, त्याला एक कोवळी नर्स तेच सांगत होती आणि त्याला ते जमत नव्हतं. भांडं मागायची लाज वाटायची म्हणून मी पाणी कमी प्यायचो. त्यावर परत बोलणी खायचो.

तिथे रोज डबा घेऊन यायची ती माझी सून महानंदा. आम्ही तिला नंदा म्हणतो. ती अक्कलकोटकडची, माहेरी कानडी बोलणारी. माझी पत्नी त्याआधीच गेली होती, त्यामुळे घर नंदाच चालवायची. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्यासमोर कधी खुर्चीवर बसली नव्हती. आणि आमच्या घरात सून सासऱ्याकडे पाठ करून उभी राहत नाही. खोलीतून जायचं तर तिरकं होऊन, मागे सरकत जायचं. हे कुणी शिकवत नाही, बघून येतं. मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

तोंडाला चव नव्हती. मऊ भात गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. एक दिवस नंदाने त्यात दह्यात कालवलेली शेंगाचटणी घातली.

"डॉक्टर ओरडतील," मी कसंबसं म्हणालो.

"इचारून आणलीया मामा. पण तुमी चोरून खाल्ल्यावानी खावा. चव लागंल."

लागली. त्या दवाखान्यातली पहिली सुखाची गोष्ट तीच.

कढई सोडून

घरी आलो. फिजिओथेरपीच्या मॅडम काही दिवस घरी येऊन गेल्या. व्यायाम दाखवले, रोज करायला सांगितले. त्या दारातून बाहेर पडल्या की मी भिंतीकडे तोंड करून झोपायचो. मनात एकच, मला व्यायाम शिकवणार? मला?

सिद्धू सकाळीच चिंचोळीच्या कारखान्यात जायचा. संध्याकाळी त्याचं आणि नंदाचं माझ्यावरून वाजायचं. भिंत पातळ होती.

"बाबांना जबरदस्ती करू नको. त्यांचं वय बघ."

"मग काय, असंच झोपवून ठिवू व्हय? पाठीला जखमा झाल्यावर कोण बघणार?"

जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा आली. त्या वेळी होम मैदानावर जत्रेची दुकानं आणि पाळणे लागतात, त्याला आम्ही गड्डा म्हणतो. सोलापूरच्या बायका गड्ड्यातून कढई आणतात, बरण्या आणतात. नंदा तीन डीव्हीडी घेऊन आली. घरात सिद्धूने हौसेने घेतलेलं डीव्हीडीचं यंत्र होतंच, त्यावर झाकण घालून ठेवलेलं.

"ही देवाची मालिका. ही क्रिकेटची, जुन्या मॅचींची. आन् ही खुर्चीत बसून करायच्या व्यायामाची."

"परत देऊन ये," मी म्हणालो. माझं बोलणं तेव्हा फार अडखळत यायचं, पण रागाला शब्द सापडतात. "डीव्हीडी बघून माणूस तगडा होत असता, तर ती विकणारा पैलवान झाला असता."

"गड्ड्यातलं कुणी परत घेतंय का मामा? पाळण्यातनं उतरून पैसं परत मागितल्यावानी व्हईल की."

"वाया गेले पैसे."

"मग तुमी नुस्तं बघा. बघायला काय जातंय?"

राजा आणि शतक

आधी मालिका लागली. नंदा कपड्यांच्या घड्या घालत जमिनीवर बसायची, मी पलंगावर टेकून. मालिकेतला राजा प्रत्येक वाक्य सावकाश, छाती फुगवून बोलायचा. एकदा त्याच्यामागे मी सहज एक वाक्य म्हणून बघितलं. तोंड वाकडं झालं, पण वाक्य पुरं झालं. नंदाने घडी तशीच हातात धरून यंत्र मागे नेलं. "परत एकदा, महाराज."

त्यानंतर मी रोज राजाबरोबर गर्जना करायचो. 'सेनापतीला बोलवा', 'द्वार उघडा'. शेजारच्या काकूंनी नंदाला हळूच विचारलं, "तुझा सासरा आता डोक्यानंही...?" नंदा म्हणाली, "न्हाय हो, राज्य मिळालंय त्यास्नी." महिनाभरात माझा 'स' पुन्हा 'स'सारखा आला.

क्रिकेटच्या डीव्हीडीचं वेगळं. सुरू असलेला सामना बघायला डॉक्टरांनी मनाई केली होती, रक्तदाब चढायचा. पण जुन्या सामन्याचा निकाल आपल्याला ठाऊक असतो. फलंदाज बाद होणार नाही, शतक होणार, आपण जिंकणार. आजाऱ्याला असं काहीतरी लागतं, ज्याचा शेवट आधीच चांगला झालेला आहे. दुपार सरायची आणि मी पायाचा विचार करत नसायचो.

उरली व्यायामाची. मॅडम पुढच्या खेपेला आल्या तेव्हा नंदाने ती त्यांना दाखवली. त्यांनी काही प्रकार वगळायला सांगितले, बाकीचे करा म्हणाल्या. आता मला सबब उरली नाही.

मास्तराचा हात

पडद्यावर एक बाई खुर्चीत बसून हसत हसत हात-पाय हलवायची. मीही खुर्चीत बसून करायला लागलो. पुष्कळ दिवस केलं. डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडून, जसाच्या तसा.

एक दिवस नंदा स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन पीठ मळत बघत होती. म्हणाली, "मामा, तुमचा उजवा हात पैलवान व्हायलाय."

"म्हणजे?"

"ती बाई 'लेफ्ट' म्हणली. तुमी कुटला उचलला?"

"डावा."

"बघा बरं."

बघितलं. हवेत होता तो उजवा.

मुलांकडे तोंड करून उभा राहणारा पी.टी.चा मास्तर 'डावा हात वर' म्हणतो आणि स्वतःचा उजवा वर करतो, म्हणजे समोरच्या मुलांना तो आरशासारखा दिसतो. हे माझ्या हाडांत इतकं मुरलं होतं, की 'लेफ्ट' ऐकलं की उजवा हात आपोआप उठायचा. मी त्या टीव्हीसमोर विद्यार्थी होऊन बसलोच नव्हतो. मास्तर होऊन बसलो होतो. हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की डावा हात उचलायची मला धास्ती होती. उजवा उचलला की व्यायाम झाल्याचं समाधान मिळायचं आणि डावा उठत नाही हे बघावं लागत नव्हतं.

"तुमी टीव्हीम्होरं मास्तर होऊन बसलाव," नंदा म्हणाली. "जरा पोरगं व्हा की."

प्रयत्न केला. सवय मोडेना. लेफ्ट म्हटलं की उजवा. मी चिडून रिमोट फेकला.

नंदाने हाताचं पीठ धुतलं. पदर कमरेला खोचला. भिंतीवर माझ्या पत्नीचा फोटो आहे, त्याला हात जोडून कानडीत काहीतरी पुटपुटली. मग माझ्या आणि टीव्हीच्या मधे येऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून.

"आता बाईला बघू नका. माज्या पाठीला बघा. मी जो हात उचलंल त्योच उचला. ओंदु!"

आयुष्यभर मी मुलांना सांगत आलो, रांगेत उभं राहिलं की कव्हर घ्या, पुढच्याच्या मानेकडे बघा. पुढच्याच्या मानेकडे बघत मी स्वतः कधी उभा राहिलो नव्हतो. त्या दिवशी माझ्यापुढे एक मान होती, केसांच्या अंबाड्याखाली पिठाचा डाग लागलेली. तिचा डावा हात वर गेला. माझा डावा मांडीवरून सुटला, थोडासा लोंबकळला आणि पडला.

"उठला," मी म्हणालो.

ती वळली नाही. "एरडु," म्हणाली. ओंदु, एरडु, म्हणजे कानडीतले एक, दोन.

अक्का

त्यानंतर रोज तेच. कानडी आकडे, नंदाची पाठ आणि मागे मी. आधी खुर्चीत, मग खुर्चीला धरून उभा, मग नुसताच उभा. ती पाऊल टाकायची, मी पाऊल टाकायचो. आमची वरात हॉलमधून स्वयंपाकघरात जायची आणि ओट्याला हात लावून परत यायची. एकदा दूध उतू गेलं तर ती म्हणाली, "थांबायचं न्हाय मामा, कवायत हाय," आणि दोघंही त्याच चालीने गॅस बंद करायला गेलो.

उन्हाळ्यात माझी थोरली बहीण, अक्का, अकलूजहून मला बघायला आली. दार उघडंच होतं. ती आत आली तेव्हा नंदा पदर खोचून, माझ्याकडे पाठ करून, हात पसरून उभी होती. मागे मीही तसाच.

"काय गं ए!" अक्का दारातूनच कडाडली. "सासऱ्याकडं पाठ करून नाचतीस? आईबापानं काय शिकवलं का न्हाय? म्हाताऱ्याचा खेळ मांडलाय व्हय?"

नंदा गर्रकन वळली. पदर डोक्यावर घेतला. टीव्हीतली बाई हसत हसत आकडे मोजतच होती. नंदाने माझ्याकडे एकदाच बघितलं.

मला तेव्हा बोलता येत होतं. राजाची सगळी वाक्यं स्पष्ट येत होती. 'मीच उभं केलंय तिला', एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "अक्काला पाणी दे."

अक्का राहिली तेवढे दिवस नंदा खाली मान घालून बोलणी खात होती. मी पलंगावर पडून होतो. अक्का परत गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी मला वाटलं, आता हे संपलं. नंदाने दाराला आतून कडी घातली, पदर खोचला आणि पाठ केली. "चला मामा. लई दिवस बुडालेत. ओंदु!"

झेंड्यासमोर

पंधरा ऑगस्टला सिद्धू आणि नंदा मला रिक्षाने शाळेत घेऊन गेले. फाटकाशी मी काठी नंदाच्या हातात दिली.

"मामा, आधार..."

"राहू दे."

फाटकापासून झेंड्यापर्यंतचं मैदान मी किती वेळा तुडवलं असेल. त्या दिवशी ते समुद्राएवढं होतं. पुढे नंदा आहे अशी मी कल्पना केली, तिच्या मानेकडे बघितलं, मनात कानडी आकडे म्हणत चालत गेलो. डावा पाय थोडा घासत होता, पण येत होता. मी वळलो, शिट्टी ओठांत धरली आणि फुंकली.

वाजली! अशी वाजली की पलीकडच्या इमारतीवरची कबुतरं उडाली. मी छाती भरून ओरडलो, "सावधान!" आणि माझा डावा पाय उजव्याला येऊन भिडला. टाचांचा आवाज मला ऐकू आला. आजारी माणसांना मी सांगतो, जगात त्याहून गोड आवाज नाही. झेंडा वर गेला, पोरांनी राष्ट्रगीत म्हटलं, मी ताठ उभा होतो आणि गालांवरून पाणी वाहत होतं, दोन्ही बाजूंनी.

मग हेडमास्तर बोलले. "सरांनी कुणाच्याही मदतीशिवाय, केवळ स्वतःच्या जिद्दीवर..." टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांनी माईक माझ्या हातात दिला.

नंदा कडुनिंबाखाली बायकांमध्ये उभी होती. हातात माझी काठी.

सुनेच्या पाठीमागे उभा राहून चालायला शिकलो, हे मास्तराने कसं सांगायचं? मी म्हणालो, "ही या मातीची कृपा. लहानपणापासूनचा व्यायाम कामी आला." पुन्हा टाळ्या. नंदानेही वाजवल्या, काठी काखेत धरून.

परत येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "पाय लई झकास भिडला, मामा."

काझी सर

आमच्या शाळेतले चित्रकलेचे काझी सर. मला आला तसाच झटका पुढच्या वर्षी त्यांना आला. सौम्य होता. मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला. काझी सरांनी विचारलं,

"मास्तर, वो कसरतीची डीव्हीडी मिळते म्हणतात. लेना क्या?"

"छे हो. टीव्ही बघून कुणी चालतं का? मनाची ताकद लागते."

नंदा चहा ठेवत होती. कप बशीवर किंचित वाजला, बस.

काझी सर काही महिन्यांत पुन्हा नीट चालू लागले. मी सगळ्यांना सांगायचो, माझा सल्ला लागू पडला. बऱ्याच वर्षांनी, परवा परवा, ते माझ्याकडे बसले होते. म्हणाले, "मास्तर, आता बोलतो. तेरी बहू दुसऱ्याच दिवशी ती डीव्हीडी माझ्या घरी देऊन गेली. आमच्या बेगमला पुढं पाठ करून उभं राहायला पण तिनंच शिकवलं. बोली, मामांना सांगू नका, त्यांचा मान हाय."

ती डीव्हीडी घरात नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

घ्यावी की नको

आता डीव्हीडी कुठे मिळत नाहीत, सगळं मोबाइलवर आलं. पण लोक अजून तेच विचारतात, मास्तर, ही व्यायामाची, खेळाची, मालिकांची भानगड पैसे घालण्याजोगी आहे का? इतकी वर्षं मी चुकीचं उत्तर दिलं. खरं उत्तर देतो.

घ्या. मालिका घ्या, तिच्याबरोबर मोठ्याने बोला. शेजारी हसले तर हसू द्या. जुने सामने घ्या, दुपारी लांब असतात. व्यायामाची घ्या, पण आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपीवाल्यांना दाखवा. ती शंभरदा मागे नेली तरी वैतागत नाही. मी पोरांवर दुसऱ्यांदा सांगतानाच वैतागायचो. पण ती एकटीने कुणाला उभं करत नाही. टीव्ही आणि तुमच्या मधे कुणीतरी येऊन उभं राहावं लागतं. ते माणूस घरात असेल, तर त्याचं नाव सांगायला लाजू नका.

राहिलेलं

काझी सर उठून घरी गेले, त्याच संध्याकाळी मी हाक मारली, "नंदा." ती ओले हात पुसत आली. तिचेही केस आता पिकलेत.

"काय मामा?"

"चहात साखर कमी होती."

"साखर तुमाला बंद हाय, मामा," ती हसली आणि तिरकी होऊन, मागे सरकत आत गेली.

तिला कधीतरी वाचायला देता येईल म्हणून इथे लिहून ठेवतो.

नंदा, अक्का दारात ओरडली तेव्हा मी म्हणायला हवं होतं की हिला मीच उभं केलंय, बोलायचं तर मला बोल. माईक हातात होता तेव्हा म्हणायला हवं होतं की त्या कडुनिंबाखाली काठी धरून उभी आहे ती माझी सून, तिच्या मानेकडे बघत मी इथपर्यंत चालत आलो. दोन्ही वेळा माझी जीभ शाबूत होती. तीही तूच परत आणली होतीस.

माझं चुकलं, पोरी. मला माफ कर.